मुकट्यावरचे इलेक्ट्रॉन

आमच्या काकांचं नाक असं होतं, की गंगेपलीकडे रामनगरात कुणी कांदा चिरला तर इकडे काशीत रामघाटावर ते पूजा थांबवून विचारत, "कोण खातंय?" मी हे वाढवून सांगतोय असं वाटेल. थोडंच वाढवतोय. वेदपाठी माणूस, एकेक शब्द पुढून, मागून, पुन्हा पुढून म्हणून पाहिल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांची जन्माची सवय. ती शब्दांपुरती राहिली नव्हती. दूधवाला, भिंतीवरचं घड्याळ, काकू, सगळ्यांची तपासणी त्याच रीतीनं व्हायची. एक प्रश्न पुढून, तोच मागून.

मला त्यांनीच वाढवलं. घराणं वैदिकांचं आणि मी हट्ट करून कॉलेजात सायन्सला गेलेला. काकांनी परवानगी दिली ती अटीवर. "एक गडबड, आणि तू पाठशाळेत."

गडबड व्हायला भाद्रपद उजाडला. आमच्या प्रोफेसरांनी सांगितलं, की प्रत्येक अणूच्या पोटात जेवढी धन वीज तेवढीच बाहेर फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऋण वीज. दोन्ही सारख्या, म्हणून तोल जमतो. म्हणून गाय, पाट, कलेक्टरसाहेब, कशालाही हात लावला तरी झटका बसत नाही. काचेवर रेशीम घासलं की काचेचे थोडे इलेक्ट्रॉन रेशमावर जातात आणि तोल मोडतो. हे पाहायचं यंत्र प्रत्येकानं घरी करून आणायचं होतं. मी लोणच्याची काचेची बरणी घेतली, बुचातून तार सोडली आणि तारेच्या टोकाला चौकातल्या पानवाल्याकडून आणलेल्या चांदीच्या वर्खाच्या दोन पट्ट्या लावल्या. वीज आलेली वस्तू तारेजवळ नेली की पट्ट्या एकमेकींपासून दूर व्हायच्या. तोल असेल तर गप्प लोंबकळायच्या.

काच म्हणून औषधाची रिकामी बाटली मिळाली. रेशीम मात्र घरात एकच, काकांचा मुकटा. सोवळ्यातलं वस्त्र ते. उंच दांडीवर वाळत असायचं, आंघोळ केल्यावर काठीनंच उतरवायचं. दुसऱ्या दिवशी रामनगरला एका बड्या घरी मंत्रजागर होता आणि काकांना त्यात पहिलं आसन होतं. बाकीचे दहा वैदिकही काकांच्याच नाकाचे. मुकटा विटाळला असता तर आसन गेलं असतं.

मी बेशरम असलो तरी बेशिस्त नव्हतो. आंघोळ केली, ओलं पंचं नेसलो, काठीनं मुकटा उतरवला, गच्चीवर नेला आणि बाटलीवर खसाखसा घासला. मान वर केली तो जिन्यात काका.

बरणी, तार, आणि बाजूला मी. त्या दिवसांत काशीत तरुण पोराच्या हातात तार दिसली की साध्या कपड्यातला पोलीस त्याच्यामागे पान खात फिरायचा. काकांनी आवाज खाली आणला. "बॉम्ब आहे का?"

"नाही काका, शप्पथ. नुसते बाटलीतले इलेक्ट्रॉन मुकट्यावर आलेत."

बॉम्ब आहे असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

"बाटली कसली?"

"औषधाची. डॉक्टरांची."

"आपल्या घरात डॉक्टरची बाटली?" काकांनी जिन्याखाली पाहिलं. खाली काकू डाळ निवडत होती. ती एकदम फार बारकाईनं निवडायला लागली. तिचा खोकला काढ्यानं गेला असं काका महिनाभर गल्लीत सांगत होते.

अर्ध्या घटकेत ओसरीवर माझी चौकशी सुरू झाली. "म्हणजे त्या विलायती औषधाच्या बाटलीचा अंश माझ्या मुकट्यात शिरला. उद्या आसन नाही. आणि परवापासून तू पाठशाळेत."

"काका, धन वीज आणि ऋण वीज सारख्या झाल्या की तोल परत जमतो. बरणी सांगेल."

"धन आणि ऋण सारख्या आहेत, हे मोजलं कोणी?"

"एकेक मोजत नाहीत. काही होत नाही, त्यावरून कळतं."

"काही होत नाही, हा पुरावा?"

"घरात आवाज नाही म्हणजे भांडण नाही, असं थोडंच आहे?" काकू डाळीतून म्हणाली. "दोघं बरोबरीनं गप्प बसलेले असतात." आमच्या प्रोफेसरांना हेच सांगायला तासभर लागला होता.

मी मुकटा बरणीजवळ नेला. पट्ट्या हलल्या नाहीत. "पाहा काका. जमला तोल."

मला वाटलं, सुटलो. कारण एक गोष्ट मी पोटात ठेवली होती. हवा इतकी दमट होती की साक्षात वीज येऊन बरणीवर बसली असती तरी पट्ट्या हलल्या नसत्या.

काका माझ्याकडे पाहत राहिले. पाठात शब्द गिळणाऱ्या शिष्याकडे ते असंच पाहायचे. "आता पुन्हा घास. उघडू देत त्या पट्ट्या."

"कशाला काका? जमलाय ना."

"तुझी बरणी जिवंत आहे की मेलेली, हे मला कसं कळणार?"

घासला. हात भरून आले. पट्ट्या मढ्यासारख्या लोंबत राहिल्या.

"तुला माहीत होतं," काका म्हणाले.

"हो."

मी मनातल्या मनात पाठशाळेची चटई पसरून बसलोसुद्धा. तेवढ्यात काकू उठली. "पापड वातड झालेत तिथे तुमची बरणी काय करणार? चुलीशी धरा सगळं."

चुलीशी बरणी शेकली, बाटली शेकली, आणि काठीवर मुकटा धरून काका स्वतः उकिडवे बसले. मग मी घासला आणि मुकटा तारेजवळ नेला. वर्खाच्या पट्ट्या भांडलेल्या जावांसारख्या ताडकन दूर झाल्या. काका बोटभर मागे सरले. मग पळीनं त्यांनी मुकट्यावर गंगाजल शिंपडलं. ओला भाग मी हातात धरला, मुकटा पुन्हा तारेजवळ नेला. पट्ट्या गप्प.

"गंगाजल," काका म्हणाले. त्यांची छाती दोन इंच वाढली.

इथे मी तोंड मिटायला हवं होतं. "विहिरीच्या पाण्यानंही होईल, काका. इलेक्ट्रॉन ओल्या कपड्यातून, माझ्या अंगातून जमिनीत जातात."

काकूनं डोळे मिटले.

"आण विहिरीचं," काका म्हणाले.

पुन्हा चूल, पुन्हा घासणं, विहिरीचं पाणी. पट्ट्या गप्प. काकांनी ते मला एकवीस वेळा करायला लावलं. कधी गंगाजल आधी, कधी विहीर आधी, पुढून आणि मागून. एकविसाव्या वेळी माझे दोन्ही हात माझे राहिले नव्हते. विहिरीतही गंगाच झिरपते, असं म्हणून दुसरा कुणीही मोकळा झाला असता. काका म्हणाले नाहीत.

"मुकटा उद्या चालेल," एवढंच म्हणाले.

"आणि मी?"

"मघाशी लबाडी केलीस, ती कॉलेजात शिकलास?"

"नाही काका. ती घरचीच."

काकू पदर तोंडाला लावून आत गेली. काकांनी काठीचं टोक न्याहाळलं. "मग कॉलेजनं तुझं काही बिघडवलेलं नाही. जा. पण तिथे जे सांगतील ते संध्याकाळी इथे बसून मला सांगायचं. आणि मी विचारीन."

विचारलं त्यांनी. चार वर्षं. पाठशाळा त्यापुढे सासुरवाडी वाटली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पोचवायला मी नावेत बसलो. मुन्शी घाट मागे पडला, रामनगरचा किनारा दिसू लागला. काकांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम दुसरीकडे, घाटावरच्या छत्र्यांकडे मान वळवली. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलंच. त्यांनी मुकट्याचा सोगा गंगेत बुडवला, पिळला, आणि पुन्हा ताठ बसले.