त्यांनी सायकल कडेला घेतली

हिवाळा सरत आला की दौंडची सकाळ मळीच्या आंबूस-गोड वासाने उजाडते. भीमेवरचं धुकं रेल्वे कॉलनीच्या कौलांवर रेंगाळत असतं, उसाच्या ट्रॉल्या जडशीळ चालीने गावातून जात असतात, आणि त्यांच्यामागे खोळंबलेले आम्ही कामावर निघालेले लोक उगाचच एकमेकांवर चिडलेले असतो. मी जरा जास्तच. शाळेत मुलांना संयमावर निबंध लिहायला लावणारी मी, गाडीत बसले की कुणी निराळीच बाई होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

त्या दिवशी ट्रॉलीला ओलांडून जरा मोकळी होते, तोच पुढे बशीरमामांची सायकल आली. मामा आमच्या गल्लीतले शिंपी. माझा पहिलीचा गणवेश त्यांनीच बेतलेला. हँडलला दोन्हीकडे कापडाच्या पिशव्या, त्यांत घंटी पार बुजून गेलेली, आणि सायकल रस्त्याच्या बरीच आतून. उभ्या गाड्यांपासून चांगलं दोन हात अंतर राखून ते संथपणे चालले होते. ते अंतर कशासाठी आहे हे माझ्या मनातही आलं नाही. मला दिसत होती ती फक्त माझी अडलेली वाट. मी हॉर्न दिला, मग दाबूनच धरला. मामा निमूटपणे कडेला झाले. मी पुढे गेले, झेरॉक्सच्या दुकानासमोर गाडी लावली, आणि आरशात न पाहता उजवीकडचं दार उघडलं.

आवाज फार मोठा झाला नाही. मामा दारावर आदळून उजव्या मनगटावर पडले आणि कोवळ्या उन्हात, धुळीत, कुणाकुणाच्या लग्नाची रंगीत कापडं पसरली. दोघांनी त्यांना उठवलं, उरलेल्यांनी त्यांनाच सुनावलं, की घंटी वाजवायला काय होतं, या वयात समोर बघून चालवावं. आणि मामा वेदनेने ओठ आवळून मलाच विचारत होते, दाराला पोचा तर नाही ना पडला. मी त्यांना दवाखान्यात नेलं, प्लॅस्टर होईपर्यंत थांबले, घरी सोडलं. सगळं केलं; पण चूक माझी होती, एवढं एक वाक्य काही तोंडातून निघालं नाही. शाळेत सांगताना मामा सायकलवरून पडले आणि मी त्यांना दवाखान्यात नेलं, एवढंच सांगितलं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. ते मी ऐकून घेतलं, याची आजही लाज वाटते.

दीड महिन्याने प्लॅस्टर निघाल्याचं कळलं, तेव्हा त्यांच्या घरी गेले. अंगणात कडुनिंबाची पिवळी पानं अखंड गळत होती आणि खांबाला साखळीने बांधलेल्या सायकलवर त्यांचा थर साचला होता. साखळी मामांच्या मुलाने, सलीमने घातली होती. तो कारेगावकडच्या कारखान्याची कामगारांची बस चालवतो. अब्बांना आता तोल सांभाळता येत नाही, एकदा पडले, पुन्हा पडतील, म्हणून चावी मी खिशातच ठेवतो, असं त्याने मला काळजीच्या सुरात सांगितलं. आत सून कापड बेतत होती. रोज कॉलनीत घरोघर जाऊन मापं घेणारा, स्टेशनाबाहेर चहाला थांबणारा, चार माणसांशी बोलून परतणारा हा माणूस दीड महिना दारात बसून होता; आणि मामांनी घरी खरं सांगितलंच नव्हतं, हे मला तेव्हा उमगलं. माझ्या मौनाने त्यांची सायकल बांधून ठेवली होती.

सलीम पाणी आणायला आत गेला, तसं मी खालच्या आवाजात मामांना विचारलं, का नाही सांगितलं.

"तुमी हारन दिला तवा मी कडंला घेतली, ताई," ते सावकाश म्हणाले. "घ्यायची न्हवती. गाड्यांची दारं उघडत्यात, मला ठावं हाय. पन मागनं गाडी रेटाया लागली की मानूस घाबरतं. आन् घंटी पिशवीखाली गेलेली, ती चूक माझी. आता कुनाचं किती, ते काय मापायचं?"

त्यांनी आपला वाटा बिनतक्रार उचलला होता. माझा वाटा मात्र दीड महिना कुणीच उचलला नव्हता. सलीम बाहेर आला, तसं मी उभी राहूनच सगळं सांगितलं: हॉर्न, दार, न पाहिलेला आरसा. तो संतापेल, असं वाटलं होतं; संतापला असता तर मला बरंच वाटलं असतं. तो हातातल्या तांब्याकडे बघत राहिला.

"मी बी बस चालवताना सायकलवाल्याला असाच कडंला घालवतो," तो म्हणाला. "रोज. शिफ्टची येळ गाठायची असती." मग त्याने खिशातून चावी काढली. "ही देतो मी. पन उद्या अब्बा मधनं चालले, तर मागनं तुमी असनार, न्हाईतर मी. मग?"

निंबाची पानं गळत होती, बाहेरच्या रस्त्यावर कुणीतरी कुणालातरी बाजूला हो म्हणून हॉर्न देत होतं, आणि आम्ही दोघं गाड्या चालवणारी माणसं एकमेकांची नजर चुकवून उभी होतो.

मामांनी चावीसाठी हात पुढे केला. डावा. उजव्याची मूठ अजून मिटत नव्हती.