डब्ब्यातला कापूस

आमच्या घराण्यात हात आधी उठतो आणि अक्कल मागून येते. वडिलांचा उठायचा, आजोबांचाही उठायचा म्हणतात, आणि मी तर त्या दोघांची कसर भरून काढली. मोटर चालू झाली नाही की घाल लाथ. टीव्हीत मुंग्या आल्या की हाण चापट. टीव्ही कधी कधी सुधारायचाही, त्यामुळे या औषधावरचा माझा विश्वास वाढत गेला.

आदिलाबाद जिल्ह्यात नेरडीगोंड्याच्या बाजूला, हायवेपासून आत आमचं गाव. पंधरा वर्षांपूर्वी मी आणि माझ्या धाकट्या भावानं घरीच एक सबवूफर बनवला. सबवूफर म्हणजे नुसता जाड आवाज काढणारा मोठा स्पीकर, ज्याचा ठोका कानाआधी छातीत बसतो. गाव त्याला डब्बा म्हणायचं. फळ्या जुन्या पलंगाच्या, अस्सल सागवानी. बारा इंची स्पीकर आदिलाबादहून आणलेला. अ‍ॅम्प्लिफायरचं खोकं एका मेलेल्या स्टॅबिलायझरचं. स्पीकर बसवायचं भोक पाडताना मी तीन पाती मोडली आणि करवत अंगणात भिरकावली. भावानं ती उचलून आणली, फळीवर थाळी उपडी ठेवून पेन्सिल फिरवली आणि दोन दिवस पटाशीनं कोरत बसला. हवा जायला मागच्या फळीत पाइप लागतो, तिथं आम्ही सांडपाण्याच्या पाइपाचा तुकडा बसवला. आवाज आतल्या आत घुमू नये म्हणून डब्ब्यात मऊ काहीतरी भरावं लागतं. आमच्या पुढच्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत लागलेला होता. मी हातांनी ओरबाडून ओरबाडून कापूस आत कोंबला आणि वरून स्पीकर आवळून टाकला.

डब्बा पहिल्यांदा वाजला तेव्हा मांडणीवरची भांडी खाली आली. आई शिव्या देत बाहेर पळाली. आम्ही दोघं हसून हसून जमिनीवर लोळलो. भावाबरोबर हसल्याची ही शेवटचीच नीट आठवण माझ्याकडे आहे.

पुढं तीन वर्षांनी पोळा आला. आदल्या दिवशी खांदशेकणी होती. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून शेकत होतो आणि आमचं भांडण लागलं. मला डब्बा बैलगाडीवर चढवून वेशीवरच्या पोळ्याच्या तोरणापर्यंत वाजवत न्यायचा होता. आमचा डावा बैल बुजरा होता, भावाचा जीव त्याच्यावर.

"दादा, बैल बुजन. माणसाच्या अंगावर जाईन," तो म्हणाला.

"तुले काय कयते? मी हाय ना धरायले."

"तू डब्बा गाडीवर चढवून त पाह्य. पातं मारून फाडून टाकतो त्याले."

त्याच्या तोंडून निघालेलं एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डब्बा ओसरीवर आणून वरचं फडकं काढलं, तर स्पीकरचा रबरी काठ अर्ध्याहून जास्त गोलाईत सुटलेला, कागदी पडदा एका बाजूला लोंबत होता. आणि भाऊ अंगणात बैलांची बाशिंगं कापत बसला होता. हातात पातं.

मी विचारलं नाही. चाबकाचा दांडा घेतला आणि पहिला फटका पाठीत घातला. तो उठायच्या आत दुसरा घातला. बेगडाचे तुकडे उडाले, बैल दाव्याला हिसके द्यायला लागले. तो हात वर करून "म्या नाई केलं, दादा, म्या नाई केलं" म्हणत होता आणि त्या शब्दांनी मी अधिकच पेटत होतो, कारण खोटं बोलणाऱ्याचा मला संताप येतो. दांडा मोडला. मग मी त्याची गचांडी धरून उघड्या हातानं, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून त्याच्या थोबाडीत मारली. ती गालावर बसली नाही, डाव्या कानावर बसली. फट्‌ असा आवाज आला. तो खाली बसला, मग आडवा झाला. थोड्या वेळानं कानातून रक्ताची बारीक धार निघाली आणि नव्या सदऱ्याच्या कॉलरवर उतरली.

आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी बैलावर काठी उगारत नाहीत. वर्षभर त्याला झोडपणारा माणूसही त्या दिवशी त्याच्या पायावर पाणी घालतो. शेजारचे म्हातारे पाटील धावत आले होते. ते माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाले, "आजच्या दिवशी बैलालेबी कोनी मारत नाई रे."

आईनं कानात लसूण कढवलेलं तेल घातलं. पिढ्यानपिढ्यांचा उपाय. फुटलेल्या कानात तेल घालू नये हे डॉक्टरनं सांगितलं तोवर आतून पू यायला लागला होता. भाऊ महिनाभर गुरासारखा ओरडत होता. नंतर ओरडणं थांबलं आणि डावा कान गेला तो गेलाच.

आम्ही वेगळे झालो. अंगणात भिंत उठली. मी फाटक्या काठावर वरून कापड चिकटवून डब्बा वाजवून पाहिला, तर तो फरफरला. मी त्याला लाथ घातली आणि माळ्यावर टाकून दिला. गावात मी सांगत फिरलो की माझा हात चुकला असेल, पण गुन्हा त्याचाच. बारा वर्षं सांगितलं. आई ते ऐकत ऐकतच गेली.

यंदा पोळ्याला डीजे बंद, असा ठाण्यातून निरोप आला. पोरं हिरमुसली. तेव्हा कोणाला तरी आमचा डब्बा आठवला. घरगुती डब्ब्याला कोण अडवतंय? मलाही सुरसुरी आली. डब्बा माळ्यावरून उतरवला.

आधी अ‍ॅम्प्लिफायर घेतला. स्क्रू गंजून बसले होते. मी छिन्नी लावून त्यांची डोकीच उडवली. आत कुंभारमाशीनं मातीची घरं बांधलेली, पंखा त्या मातीत रुतलेला. कपॅसिटर फुगून फुटलेले, त्यांचं पाणी बोर्डावर सुकलेलं. मी पक्कड घालून एकेक दाढ उपटावी तसे ते उपटले. आदिलाबादच्या दुकानदारानं ट्रान्सफॉर्मर हातात तोलला आणि म्हणाला, "भाई, इसको मत फेंको, ऐसा तांबा अब नहीं आता." म्हणून ट्रान्सफॉर्मर तेवढा जुना ठेवला, बोर्ड नवा, तारा जाड, पंखा दुप्पट मोठा. जुन्या वेळी सतत घूं असा आवाज यायचा, तेव्हा मी खोक्याला गुद्दे घालायचो. आता दुकानदारानं सांगितल्याप्रमाणे अर्थिंगच्या सगळ्या तारा एकाच स्क्रूवर आणल्या आणि तो आवाज गेला. गुद्द्याची गरज कधीच नव्हती. मला हसू आलं, सकाळ चांगली चालली होती.

मग डब्ब्याकडे वळलो. स्पीकर फळीला इतका चिकटला होता की निघेना. मी पटाशी खुपसली, हातोडीनं ठोकली, शिव्या घातल्या. फळीची कड फुटली आणि स्पीकर एकदम हातात आला. मागोमाग असा वास आला की मी तोंड फिरवलं.

आतला कापूस पिंजून गोळा झाला होता. काळ्या लेंड्या, मूत, आणि सरकीची पोकळ टरफलं, मूठमूठ. मध्ये उंदराचं घरटं होतं आणि त्यात वाळून चिपाड झालेली पाच पिल्लं. मी स्पीकर उलटा केला. बारा वर्षांत तो मी फक्त पुढून पाहिला होता. काठ आतून कुरतडलेला होता. दातांच्या बारीक खाचा ओळीनं, अगदी फाटलं होतं तिथवर. स्पीकरच्या दोन तारांवरही तशाच.

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं की सरकी असलेला कापूस ठेवला तिथं उंदीर येणार. म्हणून तर पुढच्या खोलीत पिंजरे असायचे. मी सरकी न काढता कापूस भरला, मागं सांडपाण्याचा पाइप उघडा ठेवला आणि उंदराला दार करून दिलं. सरकी संपल्यावर त्यानं रबर खाल्लं. भावानं डब्ब्याला बोटही लावलं नव्हतं.

मी काय केलं? जे मला येतं तेच. हातोडी घेतली आणि डब्ब्यावर घातली. एकदा, दोनदा, सागवान दणाणत राहिलं. कापूस ओढून अंगणभर फेकला, घरटं भिंतीवर आपटलं. बायको दारात येऊन उभी होती. लग्नानंतरच्या पहिल्याच पोळ्याला तिनं तो मार पाहिला होता, आणि तेव्हापासून त्या विषयावर एक शब्द बोलली नव्हती. तिनं खाली पडलेला स्पीकर उचलला, मागून पुढून पाहिला.

"आता कोनाले मारता?" तिनं विचारलं.

माझ्या हातातून हातोडी गळाली. मी तिथंच भिंतीला धरून ओकलो. मग तोंड धुतलं, तिच्या हातातून स्पीकर घेतला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा भिंतीच्या पलीकडे गेलो.

भाऊ अंगणात पोळ्यासाठी अंबाडीचा नवा कासरा वळत बसला होता. केस पांढरे व्हायला लागलेले मी जवळून पहिल्यांदाच पाहिले. त्याच्या समोर जायची माझी छाती झाली नाही. मी बाजूला उभा राहिलो, मान खाली घातली आणि सगळं बोलून टाकलं. उंदीर, सरकी, माझी चूक. तुझा काही दोष नव्हता, मला माफ कर. हे शब्द माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा बाहेर पडले. तो दोर वळतच होता. मान हलली नाही, हात थांबला नाही.

मग मला कळलं की मी डाव्या बाजूला उभा आहे.

मी फिरून समोर गेलो. त्यानं दचकून वर पाहिलं, मी केव्हा आलो हेही त्याला माहीत नव्हतं. आता तेच सगळं परत बोलायचं होतं, आणि मोठ्यानं. मी बोललो. आवाज चढत गेला, मला आवरेना. पाटलांच्या सुना दारात आल्या, रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबले. बारा वर्षं ज्यांना मी त्याचा गुन्हा सांगितला होता, त्यांच्या देखत मी ओरडून सांगत होतो की गुन्हा माझाच होता. त्यानं स्पीकर हातात घेतला. रबराच्या खाचांवरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"तवाच सांगून राह्यलो होतो," तो म्हणाला.

"हाव."

"किती खेपा सांगतलं."

मी त्याच्यापुढं गुडघ्यावर बसलो. त्याचा दोर धरलेला हात ओढून माझ्या कानाशी नेला. "मार," मी म्हणालो. "जेवढं म्या मारलं तेवढं मार. फोड माया कान."

एक क्षण वाटलं की आता थोबाडीत बसणार, आणि खरं सांगतो, मला ती हवी होती. त्यानं हात सोडवून घेतला.

"तुले मारलं त तुयं भागन," तो म्हणाला. "मायं काय?"

त्यानं स्पीकर माझ्या मांडीवर ठेवला. मग बसल्या जागी वळला, डावी बाजू माझ्याकडे केली आणि कासरा वळायला लागला. मी बोलत राहिलो. काय काय बोललो ते गल्लीनं ऐकलं असेल.