दहा नंबरचं घरटं

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईची लेक घरात अखंड बोलायची, म्हणून बापाने तिला 'रेडिओ' नाव ठेवलं होतं. शाळेत घातलं आणि रेडिओ बंद पडला. सहा महिन्यांत तिने वर्गात तोंडातून ब्र काढला नाही. सकाळी बूट दिसले की ओकायची. शेवटी आईने तिला शाळेतून काढलं आणि मशीनशेजारी तिची वही-पेन्सिल मांडली.

नणंद मास्तरीण. "अगं, शिकवणं म्हणजे काय झगा शिवणं आहे? पोरीचं वाटोळं करशील," ती म्हणाली. नवऱ्याने मधला मार्ग काढला, म्हणजे दोघींच्या मधून स्वतःचं अंग काढून घेतलं. तीन महिने बघू, मग ताई परीक्षा घेईल, नापास झाली तर पुन्हा शाळा.

तेव्हापासून आई एकेक दिवस मोजायला लागली. पोरगी मात्र खुशीत होती. टेपवर आकडे शिकली, बटणांवर बेरजा. एकदा तिची टीप वाकडी गेली आणि ती तशीच पुढे रेटायला लागली, तेव्हा आई म्हणाली, "थांब. जिथपर्यंत बरोबर होतं तिथपर्यंत उसव. मग तिथून परत घाल."

परीक्षेला महिना उरला तेव्हा आई तिला संग्रहालयात घेऊन गेली. नणंद काय विचारेल याचा नेम नव्हता, म्हणून बावीस वस्तूंची यादीच केली होती. प्रत्येक वस्तू पाहायची, समोर आईने दोन शब्द लिहायचे. पोरगी एकाच बोटीपाशी रेंगाळली की आई म्हणे, "चल, अजून पुष्कळ राहिलंय." चौदाव्या वस्तूपाशी, दगडी दिव्यासमोर, आई म्हणाली, "हा बघ किती जुना."

उत्तर आलं नाही. मागे वळून पाहिलं तर तिथे कुणीच नव्हतं.

दालनात सहलीची माणसं भरली होती. आई धावत सुटली, ती थेट फाटकापर्यंत. बाहेर चौपदरी रस्ता, गाड्या भरधाव. "माझी पोरगी दिसत नाही," ती फाटकावरच्या रखवालदाराला म्हणाली.

"बाई, आधी श्वास घ्या," रखवालदार म्हणाला. "नाव सांगा, माईकवरून हाक मारतो."

"ती ओ देणार नाही हो."

"ऐकू येत नाही का?"

"येतं. पण परक्यांशी बोलत नाही. कुणी नेलं तरी ओरडायची नाही."

रखवालदाराचा चेहरा उतरला. त्याने फाटक लावून घेतलं, दोन माणसं वर पाठवली. आई पायरीवर बसली. रंग शिकवले, महिने शिकवले, पण हरवलीस तर काय करायचं, हे तेवढं शिकवायचं राहिलं होतं. नणंदेचं म्हणणं खरं ठरलं होतं आणि आता शिकवायला पोरगीच उरली नव्हती.

मुठीत यादी चुरगळली होती. पोरगी कुठपर्यंत बरोबर होती? तिने कागद उलगडला. नऊ नंबरपर्यंतचं अक्षर वेडंवाकडं, कारण कागद भिंतीला टेकवून एका हाताने लिहिलेलं. दुसऱ्या हातात पोरीचा हात होता. दहा नंबरपासून अक्षर कसं सुंदर, वळणदार.

ती उठली आणि उलटी निघाली. दिवा, नाणी, आरसा, घंटा. दहा नंबरला काचेच्या कपाटात सुगरणीचं घरटं होतं. कपाट आणि भिंत यांच्या सांदीत पोरगी काचेला पाठ लावून उभी होती. डोळे मोठे झालेले, ओठ पांढरे.

आईने तिला कवटाळलं, मग दंडाला धरून गदागदा हलवलं. "कुठे गेली होतीस? जीव गेला असता माझा!"

"तू दिसेनास," पोरगी कुजबुजली. "म्हणून मी उसवत आले. इथपर्यंत बरोबर होतं. इथे तू माझा हात सोडलास."

आईच्या हातून यादी खाली पडली ती तिने उचलली नाही.

"आता इथून परत घालायचं ना?" म्हणत पोरीने हात पुढे केला. आईने आपला हात दिला आणि पोरीने तो दोन्ही हातांनी धरला.