काळजीची वाटणी

आमच्या विहीणबाईंइतकं बिनघोर माणूस तामलवाडीच्या पंचक्रोशीत शोधून सापडायचं नाही, आणि दुसऱ्याच्या जिवाला घोर लावण्यातही त्यांचा हात धरणारं कुणी नाही. विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. सोलापूर-तुळजापूर रस्त्याला लागून त्यांचं रान आहे आणि रस्त्याच्या कडेला, लिंबाखाली, पत्र्याची शेड टाकून त्यांनी बाजार मांडलाय. पौषात हुरडा, फाल्गुनात द्राक्षं, उन्हाळ्यात केशर आंबा, नवरात्राच्या सुमाराला सीताफळं. जे पिकतं ते तिथंच विकायचं. ज्यांनी हा धंदा केला नाही त्यांना वाटतं, काय मजा आहे! अहो, कसली मजा? हुरड्याचं कणीस आज दुधाळ असतं आणि चार दिवसांनी त्याची ज्वारी होते. सीताफळ सकाळी टणक, संध्याकाळी मऊ आणि दुसऱ्या दिवशी बोट लावावं तर आरपार. वर्षाचं सगळं मोजक्या दिवसांत उरकायचं, त्यात आभाळ, गिऱ्हाईक आणि मजूर, तिघांपैकी एकाचाही भरवसा नाही. अशा धंद्यात भल्याभल्यांचं डोकं ठिकाणावर राहत नाही. विहीणबाईंचं राहतं, कारण त्या काळजी स्वतः करतच नाहीत. वाटून टाकतात.

थट्टा नाही करत. हंगामात रोज सकाळी शेडमध्ये पहिला चहा झाला की विहीणबाई पदर खोचून उभ्या राहतात आणि जमलेल्या प्रत्येकाला त्या दिवसाची एकेक काळजी नेमून देतात. ही युक्ती त्यांनी विहिरीवरून उचलली. त्यांच्या घराण्याची विहीर एक आणि हक्कदार भाऊ तीन; पाण्यावरून डोकी फुटायची वेळ आली तेव्हा वडीलधाऱ्यांनी वार बांधून दिले आणि भांडण मिटलं. "पान्याची वाटनी हाय, बांधाची हाय, मंग काळजीनंच काय घोडं मारलंय?" हा त्यांचा बिनतोड सवाल. नियम दोनच. आपल्या वाट्याची काळजी मन लावून करायची आणि दुसऱ्याच्या काळजीला हात लावायचा नाही. बरं, वाटणीही माणूस पारखून! गिऱ्हाइकांच्या तक्रारींची काळजी थोरल्या दिरांकडे कायमची, कारण त्यांना ऐकू कमी येतं. एकदा सोलापूरचे एक गृहस्थ द्राक्षं आंबट निघाली म्हणून त्यांच्यापुढं तावातावानं बोलत होते. दीर शांतपणे मान डोलावत राहिले आणि शेवटी म्हणाले, "व्हय व्हय, लेकराबाळांना घिऊन या की!" गृहस्थ पुढच्या रविवारी खरोखर लेकराबाळांना घेऊन हजर. आणि विहीणबाई स्वतः? त्या ऐन गर्दीत दुपारी पोत्यावर आडव्या होतात, तोंडावर पदर ओढतात आणि वीस मिनिटं गाढ झोपतात. कुणी उठवायला गेलं तर पदराआडून आवाज येतो, "शेड पेटली का? न्हाय ना? मंग जावा."

गेल्या नवरात्रात मात्र सीताफळांच्या ढिगापाशीच त्यांना चक्कर आली. डॉक्टरांनी ताण कमी करा म्हणून सांगितलं. "नऊ दिवसांचा उपास आन् वर ऊन, त्याची चक्कर. ताण कुटला आलाय?" असं त्यांचं म्हणणं. पण पुण्यात माझा मुलगा आणि सून पार हादरले. सुनेचे वडील चार वर्षांपूर्वी ऐन हंगामात हृदयविकारानं गेले होते, त्यामुळं पोरीची भीती काही खोटी नव्हती. दोघांनी ठरवलं, आता बाजार बंद, आईनं घरात बसायचं. पण हे आईला सांगणार कोण? या विचारातच दोन-तीन महिने गेले. "बाबा, तुमचा शब्द आई मोडणार नाही," असं म्हणून सुनेनं मला, धाराशिवच्या एका निवृत्त मास्तराला, रक्तदाब मोजायचं यंत्र देऊन तामलवाडीला धाडलं. व्याह्यानं विहिणीला जाऊन सांगायचं, तुमचं दुकान आवरा! मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला निघालेल्या उंदराचं काय होत असेल, ते मला एसटीत बसल्या बसल्या कळलं.

मी पोचलो तो हुरड्याच्या हंगामातला रविवार. मी तोंड उघडायच्या आत विहीणबाई म्हणाल्या, "आलाव का इवाई? बेस झालं. आज आभाळ तुमच्याकडं."

"माझ्याकडं? मी काय करू आभाळाचं?"

"काय करताव? काळजी करा. मास्तर हाव, सवय आसंल."

मी धीर करून यंत्र बाहेर काढलं. त्यांनी हसत हात पुढं केला. रक्तदाब अगदी जागच्या जागी! "आता तुमचा बगा," म्हणाल्या. माझा निघाला वाढलेला. "आरं द्येवा! इवाई, बाजार तुमचाच बंद कराय लागतुया," असं म्हणून त्यांनी थोरल्या दिरांना ते ओरडून सांगितलं आणि सगळी शेड हसली. मी निमूटपणे बाजेवर जाऊन बसलो आणि इमानेइतबारे आभाळाची काळजी करू लागलो. शेजारच्या टोपलीतली कणसं एक शेळी खात होती. मला ती दिसत होती, पण शेळी माझ्या वाट्याला नव्हती.

बाराच्या सुमाराला ढग दाटून आले. शेडपुढं आठ-दहा गाड्या, उघड्यावर आगटी धगधगलेली. आगटी म्हणजे हुरडा भाजायचा विस्तवाचा खड्डा. ती विझली की हंगामातला सगळ्यात मोठा रविवार मातीत. पहिले टपोरे थेंब माझ्या चष्म्यावर पडले आणि मी बोंब ठोकत धावलो, "विहीणबाई, पाऊस! आता कसं व्हायचं हो?"

त्यांनी माझ्याकडं विद्यार्थ्याकडं बघावं तसं बघितलं. "पाऊस आला न्हवं? मंग तुमची काळजी सपली. आता काम लागलं. धरा ह्ये टोक!"

आणि ताडपत्रीचं टोक माझ्या हातात आलं. दुसरं दिरांनी धरलं, तिसरं सोलापूरच्या एका जाडजूड गिऱ्हाइकानं, चौथं खुद्द विहीणबाईंनी. खाली सरूबाई नावाची त्यांची कामाची जुनी बाई धुरात डोळे मिचकावत कणसं भाजत राहिली, चोळत राहिली. रानात पाय पसरून बसायला आलेले लोक कोपराला कोपर लावून उभे राहिले आणि शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ यांच्याबरोबर गरम हुरडा चापत राहिले. माझे दंड भरून आले होते, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात माखलं होतं, पण खरं सांगतो, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. पाऊस थांबला तेव्हा कणसांचा ढीग संपलेला होता.

गाड्या गेल्यावर आम्ही दोघं शेडमध्ये चहा घेत बसलो, तेव्हा मी एकदाचं सांगून टाकलं की पोरं बाजार बंद करा म्हणतायत. विहीणबाई हसतील किंवा चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आमचे मालक समद्या काळज्या एकटेच करायचे. जेवाय बसले की घास हातात धरून तसंच बसायचे. काय झालं इचारलं तर काय न्हाय म्हनायचे. म्या बी आडानी. काय न्हाय तर न्हाय, म्हनून ताट उचलायची. ह्ये वाटून द्यायचं ते गेल्यावर सुचलं, इवाई." आणि पुढं म्हणाल्या, "बाजार बंद केला म्हनून काळजी बंद हुती व्हय? हितं वाटून घ्यायला मानसं हायती. घरात कुनाला वाटू? भिताडाला?"

डोळ्यांत धूर गेला म्हणायची सोय होती, पण आगटी केव्हाच विझली होती. मला भरून आलं, एवढंच खरं. मी तिथूनच मुलाला फोन लावला आणि बाजार बंद होणार नाही म्हणून सांगितलं. तो उसळला. "बाबा, तुम्हाला कशासाठी पाठवलं होतं? इथं आम्हाला किती काळजी लागून राहते!" मी म्हटलं, "तुम्ही ती परस्पर करताय. आधी मागून घ्या."

मग सुनेनं फोन घेतला. मी स्पीकर लावून तो विहीणबाईंच्या हातात दिला. तिकडून सून म्हणाली, "आई, मला कुठली देतेस?"

एरवी भराभर वाटणी करणाऱ्या विहीणबाईंनी पदरानं तोंड पुसलं, रस्त्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "रोज सांजंला फोन करत जा. म्या धड जेवले का न्हाय, ती काळजी तू घे. ती आजून कुनालाच दिली न्हवती."