रत्नाबाईंची बसायची नोकरी

रत्नाबाई शेंडगे यांना नवऱ्याने जतहून कुंभवलीला आणलं, तो इथल्या कापडाच्या कंपनीत लागल्यावर. पुढे नवरा गेला आणि मग रत्नाबाईंचं पॅकिंगचं कामही सुटलं. मुलगा स्वराज पुण्याला. खोलीत एकटीने भिंतींशी किती बोलायचं, म्हणून त्या अधूनमधून बोईसर स्टेशनला चक्कर मारत.

स्टेशनबाहेर कमलेशची नवी निळी बस उभी असे, बोईसर ते चिंचणी. बस झकास, पण रिकामी. आणि रिकाम्या बसमध्ये कोणी चढत नाही, कारण ती कधी सुटेल याचा भरवसा नसतो. एके दिवशी ऊन लागलं म्हणून रत्नाबाई तिच्यात जाऊन टेकल्या आणि खिडकीतून जरा वैतागून बाहेर बघू लागल्या. त्यांचा चेहराच मुळी घाईत निघालेल्या माणसाचा. गाडी आता सुटतेच आहे असं वाटून लोक धावत चढले. पुन्हा एकदा तसंच झालं, तेव्हा कमलेशने त्यांना गाठलं.

"काकी, तुमी जाता कुठं?"

"कुठंच नाही. सावलीला बसले होते."

"मग रोज बसा ना. पगार देतो."

"आणि करायचं काय?"

"काय नाय. बसायचं. गाडी भरली का उतरायचं नि पुढच्या फेरीला परत बसायचं."

रत्नाबाईंनी अंगचोरपणा कधी केला नव्हता. हेही काम त्या मन लावून करू लागल्या. पिशवीतून मेथीची जुडी डोकावेल अशी ठेवायची, घड्याळ बघायचं, "आज उशीर होणार बाई" असं पुटपुटायचं. गावाकडून फोन आला की सांगत, "मी आता बसमध्ये आहे." गावाला वाटे, कंडक्टर झाल्या. कामावर मात्र त्या रोज रिक्षाने येत.

शेजारी भाग्येशची पिवळी बस लागे. तीही कोरी करकरीत, वर एसी, खिडक्यांना पडदे. पण तिच्यात कोणी चढेना. भाग्येशने बरेच दिवस पाळत ठेवली, आणि इंगित कळल्यावर आपलीही माणसं आणून बसवली. आधी स्वतःची मेव्हणी. मग पायाला प्लास्टर घातलेला एक गृहस्थ, कारण दुखऱ्या पायाचा माणूस उगाच बसमध्ये चढणार नाही. यावर कमलेशने सातपाटीच्या दमयंतीबाई आणल्या, सुक्या मासळीच्या पाटीसकट. भाग्येशने मुंडावळ्या बांधलेले नवरा-नवरी आणले.

नव्या माणसाला कमलेश एकच नियम सांगे, काकी उतरल्या की उतरायचं. भाग्येशने तर आपल्या लोकांना सांगून ठेवलं होतं, "निळीवाले करतील तेच करा, डोकं चालवू नका."

गणपती उठल्यानंतरच्या सोमवारी दोन्ही बस बसणाऱ्यांनीच खचाखच भरल्या. दारात लोंबकळणारेसुद्धा पगारी. खरे प्रवासी येत, आत डोकावत, जागा नाही म्हणून रिक्षाकडे वळत. रिक्षावाल्यांनी कृतज्ञतेने दोन्ही बसना झेंडूचे हार घातले.

"उतरू का?" रत्नाबाईंनी विचारलं.

"अजिबात नाय," कमलेश म्हणाला. "आधी त्याची रिकामी होऊ दे."

पलीकडे भाग्येशही हेच म्हणत होता. शेवटी ट्रॅफिकचा हवालदार आला. "गाड्या भरल्यात ना? मग इथं काय पूजा घालताय? काढा."

दोन्ही बस एकामागून एक निघाल्या. गाडी हलल्यावर रत्नाबाईंनी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली. एवढे दिवस नोकरी झाली, पण बसने त्यांना अजून कुठे नेलं नव्हतं. इतक्यात पुढच्या सीटवरून आवाज आला.

"एक तिकीट द्या. कुंभवली नाका."

सगळ्यांच्या माना वळल्या. डोंगराकडच्या पाड्यावरचा एक म्हातारा होता तो, बुधा. मांडीवर काकड्यांची गोणी. कंडक्टरने खिसे चाचपले. आज सगळे पगारीच, म्हणून तिकिटं त्याने आणलीच नव्हती.

"बाबा, तू खराच चाललास?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"हा. पोरीकडं. तुमी नाय का चाललं?"

दमयंतीबाई पाटीवरचं फडकं नीट करू लागल्या.

नाका जवळ आला. कमलेश ड्रायव्हरला म्हणाला, "थांबू नको. मागं पिवळी हाय. आपला माणूस उतरताना तिला दिसला तर नाक कापलं जाईल." नाका मागे पडू लागला तशा रत्नाबाई उठल्या.

"कमलेश, गाडी थांबव. एवढा एकच प्रवासी आहे आपल्याकडे."

गाडी थांबली. रस्त्यावर कंपन्यांचे टँकर धावत होते. म्हातारा एकटा कसा ओलांडणार, म्हणून रत्नाबाई त्याचा हात धरून उतरल्या. काकी उतरल्या म्हणून अख्खी निळी उतरली. निळी उतरली म्हणून पिवळी उतरली. टँकरवाल्यांनी मुंडावळ्या बघून वाट दिली. नवरा-नवरी, मासळीची पाटी, लंगडत येणारं प्लास्टर, असा सगळा लोंढा बुधाच्या मागून चाळीत शिरला.

बुधाची लेक जिवली ओट्यावर भांडी घासत होती. ती तशीच उभी राहिली.

"बाबा, तू निवडणुकीला हुबा हायस का?"

"नाय गं. माझे गाडीतले हायत."

जिवलीने जास्त विचारलं नाही. विळी काढली, काकड्या चिरल्या, मीठ लावून एकेक फोड सगळ्यांच्या हातावर ठेवली, नवरा-नवरीला आधी. रत्नाबाई ओट्यावर टेकल्या. इथे आपल्याला कोणी उठवणार नाही, या विचाराने त्यांनी पाय वर घेऊन ऐसपैस मांडी घातली.

नाक्यावर दोन्ही बस ओस पडल्या होत्या. थांब्यावरचे लोक आत डोकावून पुन्हा थांब्यावर जाऊन उभे राहत होते. कमलेश आणि भाग्येश एकाच टपरीवर चहा प्यायले आणि पहिल्यांदाच धड बोलले. ठरलं असं, की भरो न भरो, गाड्या वेळेवर सोडायच्या, एक निळी, एक पिवळी. लोकांना वेळा पाठ झाल्या आणि बसणाऱ्यांची सगळ्यांचीच नोकरी गेली. नवरा-नवरीची तोवर ओळख वाढली होती. त्यांनी खरंच लग्न केलं.

रत्नाबाई हल्ली नाक्यावर जिवलीबरोबर बुधाच्या काकड्या विकतात. माल बसने येतो, आणि तो कोणी आणायचा यावरून कमलेश-भाग्येशचं पुन्हा वाजलं आहे. कोणाचंच मन मोडायला नको म्हणून बुधा अर्धी गोणी निळीत टाकतो, अर्धी पिवळीत, आणि स्वतः चालत येतो.