गावितमामांच्या सात रेघा

गावितमामांच्या हातात काहीही दिलं, की ते आधी ओढून बघत. बुटाची नाडी, किल्लीचा दोरा, आणि मी प्रयोगशाळेत केलेली हायड्रोजेलची पट्टी. पट्टी मोडली की त्यांचा निकाल ठरलेला: "ताई, कडक हाय, पण चिवट नाय."

मामा नाशिकच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर, मूळचे हरसूलकडचे. मी तिथेच पीएच.डी. करत होते. पाण्यात पॉलिमर विरघळवायचं, गोठवायचं आणि भाजलेल्या जखमेवर बसेल अशी मऊ पट्टी करायची, हा माझा विषय. पट्टीत बहुतेक पाणीच, तरी ताणली तर तुटता कामा नये. माझ्या पट्ट्या वडीसारख्या मोडत. दिवाळीपर्यंत एक तरी पट्टी टिकली नाही तर विषय बदलावा लागेल, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं. म्हणजे तीन वर्षं वाया!

त्यात रोजचं लोडशेडिंग. एकदाच, पण भरपूर वेळ गोठवलं की जेल पक्कं होईल, या हट्टाला मी पेटले होते. वीज गेली की फ्रीजरमधल्या डब्यांतलं जेल वितळायचं आणि मी ते टाकून नव्यानं सुरुवात करायचे. शेवटी वैतागून मी मामांना म्हटलं, "फेकून द्या सगळं," आणि आठवडाभर देवळ्याला घरी निघून गेले.

परत आले तर डब्या जागच्या जागी. प्रत्येक झाकणावर पेन्सिलीच्या सात रेघा.

"मामा, फेकायला सांगितलं होतं ना?"

"तुमच्या हातचं काम, टाकवलं नाय. लाइट गेली, इरघळलं, की एक रेघ मारली. लाइट आली की परत गोठायचं. तुम्ही इचाराल म्हणून लिवून ठेवलं."

मी पट्टी काढून ओढली. मग मामांनी ओढली. तुटली नाही. दर खेपेला गोठताना बर्फ पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींजवळ रेटत होता आणि त्या अधिकच गुंतत होत्या. हे मी वाचलेलं होतं, पण हट्टापायी बाजूला सारलं होतं. आणि त्या रेघा नसत्या, तर किती वेळा गोठवायचं हे मला सरांना सांगताच आलं नसतं.

प्रबंध झाला तेव्हा मामा निवृत्त होऊन गावी गेले होते. पहिली बांधलेली प्रत घेऊन मी हरसूल गाठलं. आभारात सगळ्यांत आधी त्यांचं नाव होतं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवलं. मामांनी प्रत हातात घेतली, दोन्ही पुठ्ठे धरले आणि चांगले ओढून बघितले.

"चिवट हाय, ताई."

विद्यापीठाचा निकाल यायला अजून बरेच महिने होते. मी मात्र हरसूलहून पास होऊनच परतले.