हिरव्या शाईची सही

साहेबांनी कागद दोन बोटांत धरला, ट्यूबलाइटकडे वळवला आणि मोठ्याने वाचला.

“महार. अनुसूचित जाती.”

मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “अगं, ओळखीचा पुरावा मागितलाय. जातीचा नाही.”

सोफ्यावर त्यांचा भाचा बसला होता. तो हसला. साहेबांची बायको, म्हणजे काकू, हात पुसत आतून आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या माझ्या आईकडे बघायला लागल्या. आई स्वयंपाकघराच्या दाराशी उकिडवी बसली होती. त्या घरात ती कितीतरी वर्षं पोळ्या लाटत होती, भांडी घासत होती. तिला कुणी जात विचारली नव्हती आणि तिनेही आपणहून सांगितली नव्हती. आज मीच तो कागद नेऊन साहेबांच्या हातात दिला होता.

माझे कान तापले. लाज वाटली. खोटं कशाला सांगू, खूप लाज वाटली. आणि लाज वाटली म्हणून स्वतःचाच राग आला.

मी तिथे का गेले होते ते सांगते.

मी तेव्हा उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसायचे. कारखाना कसला, पत्र्याखालची लांबडी खोली. राहायला आम्ही अंबरनाथला, पश्चिमेच्या वस्तीत. कटिंग झालं की कापडाचे तुकडे उरायचे, वाकडे बसलेले खिसे उरायचे. शेठ म्हणायचा, घेऊन जा, नाहीतर जाळायचेच आहेत. मी ते घरी आणून आईच्या पायमशीनवर पिशव्या शिवायला लागले. खिसा बाहेरच्या बाजूला, शिलाई केशरी धाग्याची. शेजारणी हसायच्या. म्हणायच्या, फाटक्या पँटीची पिशवी कोण मेलं विकत घेणार.

विठ्ठलवाडी स्टेशनजवळ मनोहरभाईंचा सायबर कॅफे होता. तोंडात सतत बडीशेप, बोलणं हिंदी-सिंधी-मराठीची भेळ, पण माणूस सरळ. त्यांनीच मला इंटरनेटवरची एक लिलावाची साइट दाखवली. “दीदी, फोटो डालो, दाम लिखो, बस. घरबसल्या दुकान.” मी माझ्या नावाने खातं उघडलं. पहिली पिशवी बंगळुरूच्या कुणीतरी घेतली. मग दिल्लीला गेली, मग कोलकात्याला. पैसे मनीऑर्डरने यायचे. पोस्टमन वस्तीच्या तोंडापासून माझ्या नावाने हाका मारत यायचा. त्याला कधी पुरावा लागला नाही.

पिशवी घेणारे खाली दोन ओळी लिहायचे. इंग्रजीत असायचं, मनोहरभाई वाचून दाखवायचे. “लिखती है, सिलाई एकदम पक्की है. और एक मंगता है.” मी ते परत परत वाचायला लावायचे. शाळेत, कारखान्यात, कुठेही गेलं तरी आधी आडनाव, मग गाव, मग गावात राहायला कुठे, आणि ते कळलं की पुढचं बोलणं बदललेलं. इथे लोकांनी फक्त शिलाई बघितली होती. माझ्या नावाखाली माझ्या हातांचं कौतुक होतं. पैशापेक्षा मला त्याचंच अप्रूप होतं.

मग साइटने नियम काढला. काही विकणारे गिऱ्हाइकांना रिकामी खोकी पाठवत होते म्हणे. म्हणून आता प्रत्येक विकणाऱ्याने आपली ओळख पटवायची. एक पुरावा ओळखीचा, एक पत्त्याचा, आणि दोन्ही झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. कागद वेळेत आले नाहीत तर खातं बंद. खाली लिहिलेलं कौतुकही त्याबरोबर जाणार.

पत्त्याला लाइटबिल होतं. ओळखीला काय द्यायचं? आधार कार्ड तेव्हा निघालंच नव्हतं आणि पॅन कार्ड आमच्या वस्तीत कुणी बघितलेलं नव्हतं. मतदारयादीत माझं नाव चढलं नव्हतं. रेशन कार्ड बदलापूर गावात चुलत्याकडे. लायसन कशाचं असणार, मशीन चालवायचं लायसन मिळत नाही.

पण आमच्याकडे एक कागद प्रत्येक घरात असतो. पोरगं दहावीत गेलं की बाप रजा टाकतो, तहसील कचेरीच्या खेपा घालतो आणि जातीचा दाखला काढतो. बाकीचे कागद मागाहून. तो नसेल तर फीमाफी नाही, स्कॉलरशिप नाही, नोकरीचा अर्ज पुढे सरकत नाही. माझ्या बाबांनीही काढला. त्याला प्लास्टिक चढवलं आणि ट्रंकेत आईच्या लग्नाच्या साडीखाली ठेवला. पाहुणे आले की काढून दाखवायचे. बाबा गेले तरी तो कागद तसाच नवाकोरा होता. त्यावर माझं पूर्ण नाव, तहसीलदाराचा शिक्का. मी कोण, असं कुणी विचारलं तर आमच्या घरातून हाच कागद निघणार. यात काही चुकतंय असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

सहीचं आईनेच सुचवलं. “आपले साहेब आहेत की. मोठे अधिकारी आहेत. आपल्याला ओळखतात ते.”

शिवमंदिराच्या रस्त्याला साहेबांचा फ्लॅट. रविवारी सोसायटीतली मुलं मार्कशीटच्या झेरॉक्स घेऊन यायची आणि साहेब गप्पा मारता मारता हिरव्या शाईने सह्या करायचे. वर नजर टाकायचे नाहीत. आईने हे कितीदा बघितलं होतं. त्या मुलांना सरबत तीच द्यायची.

माझा कागद मात्र त्यांनी अक्षर न् अक्षर वाचला.

“दुसरं काही नाही?” साहेबांनी विचारलं.

“नाही साहेब. पण तहसीलदारांचा शिक्का आहे त्यावर.”

“तो दिसतोय मला. फोटो कुठाय? आणि हे बघ, मी सही केली म्हणजे ह्या व्यक्तीला मी ओळखतो, अशी जबाबदारी माझ्यावर येते. मी तुला ओळखत नाही.”

“माझी आई तुमच्याकडे काम करते.”

“मावशींना ओळखतो. तुला कुठे ओळखतो?”

नियमाने बरोबर होतं त्यांचं. रविवारच्या त्या मुलांच्या वेळेला हाच नियम कुठे झोपला होता, ते मी विचारलं नाही.

काकूंना देण्यासाठी मी एक पिशवी नेली होती. ती भाच्याने टीपॉयवरून उचलली, आतबाहेर बघितली, शिलाई ओढून बघितली. “मामा, माल भारी आहे. माझं पॅन कार्ड आहे, बँकेत खातं आहे. माझ्या नावावर टाकू ना. ही शिवेल, मी विकतो. नगावर पैसे देऊ हिला.”

साहेबांचा चेहरा मोकळा झाला. “बघ, सुटला तुझा प्रश्न. तुला पैशाशी मतलब. नाव कुणाचं का असेना.” मग माझा कागद टीपॉयवर टाकत म्हणाले, “आणि हे कुणाला दाखवत जाऊ नकोस. गिऱ्हाईक बिचकतं.”

आई दाराशी बसूनच हळू म्हणाली, “हो म्हण बाय.”

मी हो म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. शब्द ओठांवर आला होता. पण भाचा पिशवीच्या खिशात हात घालून बसला होता, आपलीच वस्तू असल्यासारखा. ते बघितलं आणि माझं डोकं सणकलं.

“साहेब, माझ्या आईचं नाव काय?”

“म्हणजे?”

“तुम्ही तिला ओळखता म्हणालात. तिचं नाव काय?”

साहेबांनी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, “आम्ही मावशीच म्हणतो पहिल्यापासून.”

“शेवंता,” मी म्हणाले. “शेवंता नाव आहे तिचं. इतकी वर्षं तुम्ही तिच्या हातच्या पोळ्या खाल्ल्या. मला तुमची सही नको. आणि माझी पिशवी दुसऱ्याच्या नावाने विकली जाणार नाही.”

मी कागद उचलला. भाच्याच्या हातातली पिशवी ओढली. त्याने क्षणभर घट्ट धरून ठेवली, मग सोडली. साहेब म्हणाले, “फार चढलेत हे लोक.” माझ्याशी नाही, भिंतीशी बोलल्यासारखं. काकूंनी आईला सांगितलं, “मावशी, उद्यापासून येऊ नका. पोळ्यांना आम्ही दुसरी बाई बघू.” आई चपला घालायला लागली.

आम्ही स्टेशनच्या पुलावर आलो. तिथे आई एकदम उसळली. “तुला तुझं खातं पाहिजे. मला घर चालवायचंय. साहेबांना उलटं विचारतीस? कोण समजतीस तू?”

मीही ओरडले. राग तिचा नव्हता, पण समोर तीच होती. येणारी-जाणारी माणसं बघत होती. मी म्हटलं, “तू का नाही सांगितलंस कधी, आपण कोण ते?”

आई कठड्याला टेकली. “पोळी लाटताना रोज वाटायचं, आज विचारतील. रोज. आज कळलं त्यांना.” एवढंच म्हणाली आणि पदराने तोंड पुसून चालायला लागली. ती किती वर्षं घाबरून जगली हे मला त्या पुलावर कळलं. साहेबांनी वाचलेल्या शब्दापेक्षा ते जास्त लागलं.

मनोहरभाईंना सगळं सांगितलं. ते हळू आवाजात म्हणाले, “दीदी, स्टेशन के बाहर शिक्का बनता है. सही भी मारके देते हैं. सब करते हैं.” करत असतील. मी नाही म्हटलं. मी खरी होते, मग खोटा शिक्का मारून स्वतःला खरी ठरवायचं हे माझ्या मनाला पटेना. खातं बंद झालं. एका रविवारी मनोहरभाईंनी पान उघडलं तर माझं नाव नव्हतं, पिशव्या नव्हत्या, खालच्या त्या ओळीही नव्हत्या. त्यांनी त्या दिवशी माझ्याकडून तासाचे पैसे घेतले नाहीत. मी आईसमोर रडले नाही. कारखान्यात मशीन चालू करून, त्या आवाजात रडले.

पुढे काही महिन्यांनी मनोहरभाईंनीच निरोप धाडला. जाऊन बघते तर साइटवर पिशवी. जीन्सची. खिसा बाहेर, शिलाई केशरी. विकणारा साहेबांचा भाचा. त्याच्या नावाशेजारी बरोबरची खूण, आणि पुढे लिहिलेलं, ओळख पटलेला विक्रेता. मी फोटो मोठा करायला सांगितला. कोपऱ्यावरची शिलाई बघितली. टाका सफाईदार होता, माझ्यापेक्षाही बारीक. म्हणजे कुणीतरी बाई होती. उल्हासनगरच्याच कुठल्यातरी कॅम्पात, पत्र्याखाली, नगावर शिवणारी. तिचा मला राग आला नाही. तिच्या घरी चूल असेल, पोरं असतील, तिलाही कुणीतरी सांगितलं असेल की नाव कुणाचं का असेना.

मी त्या खुर्चीवरून उठले तेव्हा माझं ठरलं होतं. त्या बाईला मी शोधून काढणार. एकेका कॅम्पात, एकेका कारखान्यात जाऊन विचारणार. तिला सांगणार, ही पिशवी त्याची नाही, माझी आणि तुझी आहे. ती भिईल. भिऊ दे, मी परत जाईन. आणि ती आली की आम्ही दोघी भर दिवसा बाजाराच्या रस्त्यावर मशीन मांडून बसणार, वर पाटी लावणार, पाटीवर दोघींची पूर्ण नावं, आडनावांसकट. ज्याला आडनाव वाचून पुढे जायचं असेल त्याने जावं. ज्याला उठवायला यायचं असेल त्याने यावं. मी उठणार नाही.